किती वास हो या गाडीला

"रेस द्या, आजोबा. थोडी अजून. हां, आता धरून ठेवा."

आण्णांनी पाय दाबला. गाडी अंगात आल्यासारखी थरथरली आणि सायलेन्सरात खुपसलेली नळी निसटून लोंबायला लागली. पीयूसीवाल्यानं ती पुन्हा आत ढकलली, खालून विटेचा टेकू दिला आणि आपल्या व्हॅनमधल्या पडद्याकडं बघत उभा राहिला. पेट्रोल पंपाचा तो कोपरा निळसर झाला होता. मी मागच्या सीटवर होते. पुढं आण्णांच्या शेजारी आक्का, नाकाला पदर लावून.

"किती वास हो या गाडीला तुमच्या," आक्का म्हणाल्या.

"झालंच हं, राजमती," आण्णा म्हणाले.

पडद्यावरचा आकडा वरखाली झाला आणि एका जागी थांबला. पीयूसीवाल्यानं डोकं खाजवलं.

"साडेपाच टक्के. तीनच्या आत पाहिजे."

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"मशीन कागदच काढत नाही, काकू. माझ्या हातात काय नाही. पूर्वी बघितलं असतं कायतरी, आता गाडीच्या फोटोसकट सगळं वर जातं." त्यानं नळी गुंडाळायला घेतली. "आणि गाडीचं वय बघा की. माझ्या वडलांचा जन्म त्याच साली झालाय."

"ते कसे आहेत?" आण्णांनी विचारलं.

"कोण, वडील? बरे आहेत. दम लागतो जरा."

"हिलाही तेवढंच झालंय," आण्णा म्हणाले. मग त्यांनी खिशातून जुनं प्रमाणपत्र काढून लांब धरून वाचलं. "हे आजच्या दिवसापुरतं चालतं ना?"

"आज चालतं. उद्यापासून नाही."

"मग आज संध्याकाळी जाऊन येऊ," आण्णा म्हणाले आणि त्यांनी हँडलाजवळचा गिअर खाली ओढला.

आण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. सांगलीत हळदीची दलाली केली सारा जन्म, आणि हळदीत भेसळ असली तर वास घेऊन सांगायचे, एवढीच त्यांची बढाई. ही फियाट त्यांनी लग्नाआधी घेतली. कर्नाटकात, शेडबाळला जाऊन याच गाडीतून आक्कांना नवरी म्हणून आणलं. आक्कांची मायबोली कानडी. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलेली मुलगी, वाटेत तीनदा गाडी थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला ओकली आणि मग नाकाला पदर लावून बसली, तो पदर सांगलीत शिरली तरी काढला नाही. ही कथा आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की मला ती माझ्याच लग्नातली वाटायची. पुढं सगळ्या जन्मात आक्का जेव्हा जेव्हा त्या गाडीत बसल्या तेव्हा आधी पदर नाकाला जायचा, मग "किती वास हो या गाडीला" आणि मग कानडीत "नडी", म्हणजे चला. आमची पोरं लहानपणी त्यांची नक्कल करायची.

मग आक्कांना विसर पडायला लागला. आधी मराठी जात-येत राहिली, मग माणसं गेली. मला त्या कधी थोरली बहीण समजायच्या, कधी स्वयंपाकाची बाई. दोन्हींत कामं सारखीच असल्यानं मी काही वाद घातला नाही. पण आण्णांना त्या "पाहुणे" म्हणायला लागल्या. "त्या पाहुण्यांना चहा दिलास का?" "पाहुणे अजून गेले नाहीत का?" आण्णा स्वतःच्या घरात पलंगाच्या कडेला बसायचे, पाहुण्यासारखेच.

आम्ही जैन, त्यामुळं जेवणं दिवस मावळायच्या आत. ताटं उचलली जायची तेव्हा बाहेर तांबूस उजेड असायचा, आणि तो कमी व्हायला लागला की आक्का कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. पिशवीत एक लुगडं भरायच्या आणि दाराकडं जायच्या. "मला घरी जायचंय. मालक वाट बघत असतील." डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं संध्याकाळी. त्यावर गोळी होती, पण गोळीनं त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीकडं बघत बसायच्या.

एका संध्याकाळी आण्णांनी गाडी शेडमधून काढली, अंगणात उभी केली आणि पुढचं दार उघडलं. आक्का आल्या, बसल्या. पदर नाकाला. "किती वास हो या गाडीला तुमच्या." आणि मग आण्णांकडं बघून, "किती उशीर केलात आज."

तेव्हापासून रोज. पूल ओलांडून पलीकडं उसाच्या रानापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी मागं बसायची, कारण एकदा आक्कांनी चालत्या गाडीत दाराला हात घातला होता. मागं बसून मी ऐकायची. उसाला पाणी कमी पडतंय, शेडबाळच्या भावानं पत्र का पाठवलं नाही, शीतलला दात आले का. आण्णा सगळ्याला उत्तर द्यायचे. परत अंगणात येऊन गाडी बंद केली आणि आक्का खाली उतरल्या की ते पुन्हा पाहुणे. पुलापलीकडं जाऊन यायला लागतो तेवढा वेळ, तेवढाच संसार उरला होता त्यांचा, आणि तो त्या गाडीत होता.

शीतल म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं हे पुरुषाचंही नाव असतं. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज चुकला, एवढंच. पीयूसीत गाडी नापास झाल्याचं ऐकलं तेव्हा त्यांनी आधी हातातला फोन आपटला, मग उचलून एकाला लावला.

"आण्णा, झालं काम. एक जण आहे, गाडी न नेता कागद देतो. उद्या सकाळी घरपोच."

आण्णा ताटातली भाकरी मोडत होते. "धूर गाडीतून येतोय, कागदातून नाही."

"सगळे करतात."

"हळदीत पण सगळे करत होते."

शीतल माझ्याकडं बघायला लागले. नवरा-बायकोत हे असं बघणं म्हणजे 'तू सांग' असतं. मी कोशिंबीर वाढली.

"बरं," शीतल म्हणाले, "मग दुसरं ऐका. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी नवा नियम आलाय. व्हिंटेज म्हणून नोंद करायची. वेगळा नंबर, दहा वर्षं कटकट नाही. आपली बसते त्यात."

"आणि रोज चालवता येते?"

"रोज नाही. प्रदर्शनाला, रॅलीला. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला."

"म्हणजे म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून ठेवायचं," आण्णा म्हणाले, "आणि फोटोपुरतं उठवायचं."

पुढं यथावकाश आम्ही नोंद तशी केलीही. पण तेव्हा संध्याकाळी गाडीत बसायची घाई असलेलं कुणी घरात उरलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हा रस्ता बंद होता. गाडीच्या नोंदणीची मुदतही त्याच महिन्यात संपत होती. पुन्हा पाच वर्षं रस्त्यावर चालवायची तर पुढच्या शुक्रवारी आरटीओत नेऊन दाखवायची होती, आणि तिथं जायला आधी पीयूसी.

दुसऱ्या दिवशी गाडी दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला गेली. गेली म्हणजे टेम्पोला दोर बांधून ओढत गेली. मिस्त्रींचं गॅरेज आमच्या गल्लीच्या टोकाला, चालत गेलं तरी चहा गार होत नाही. पण प्रमाणपत्र संपलेलं, म्हणून आण्णांनी इंजिन सुरू करायचं नाकारलं. स्वतः स्टिअरिंगवर ताठ बसून, दोराला बांधलेले, ते गल्लीतून गेले. दोन्ही बाजूंच्या गॅलरीतून लोक बघत होते. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

दस्तगीर मिस्त्रींना नम्रता ठाऊक नव्हती. बॉनेट उघडून त्यांनी आत असं बघितलं की इंजिनानंच मान खाली घालावी.

"आण्णा, ही गाडी नापास केली म्हंजे मला नापास केलं. शुक्रवारी मशीनमधनं काय निघतंय बघा. अत्तर निघंल."

"तीनच्या आत आलं तरी चालेल," आण्णा म्हणाले.

"तीन? दीडच्या वर गेली तर हे दुकान बंद करून मी पानपट्टी टाकीन. वैनी, तुम्ही साक्षीदार."

"पान कसलं लावता बघून ठरवू," मी म्हटलं.

पहिली संध्याकाळ कशीबशी गेली. शीतल म्हणाले, आपली नवी गाडी आहे की. काचा वर, आत गारवा, सीटला प्लॅस्टिक अजून तसंच. आक्कांना बसवलं. दार बंद झालं तसं त्यांनी काचेवर तळहात मारायला सुरुवात केली. "दवाखान्यात नेताय. मला दवाखान्यात नेताय." कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाता आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आण्णांना वाटलं, गाडी नाही तर गाडीपर्यंत नेऊ. आक्का वाटेत भलतीकडं वळू नयेत म्हणून तेवढ्यासाठीही रिक्षानं गॅरेजला गेलो. फियाट एका बाजूला उभी होती, इंजिनाचं डोकं काढून टेबलावर ठेवलेलं. आण्णांनी पुढचं दार उघडलं, फडक्यानं सीट पुसली. आक्का बसल्या. आण्णा शेजारी बसले. मी बाहेर उभी राहून बघत होते. आक्कांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, प्रवचनाला बसल्यासारखे.

"तुमची गाडी छान आहे, पाहुणे," त्या म्हणाल्या.

आण्णांनी फडक्याची घडी घातली. म्हणाले, "उद्या परत बघू."

दुसऱ्या दिवशी परत बघितलं. तेच. आण्णांनी शेडबाळच्या भावाचं नाव काढलं, उसाचं काढलं. आक्कांनी मान डोलवली, पाहुण्यांचं मन राखायला डोलवतो तशी.

त्यानंतरच्या संध्याकाळी आण्णा त्यांना गोळी द्यायला गेले. मी स्वयंपाकघरात होते. ओरडणं ऐकून धावले तर आक्का भिंतीला पाठ लावून उभ्या, हातात पितळी तांब्या, आणि आण्णांच्या कपाळातून रक्त येत होतं.

"हा परका माणूस माझ्या खोलीत का येतो?" त्या मला विचारत होत्या. "माझे मालक आले की सांगते. थांब."

शीतल तेवढ्यात दुकानातून आले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं बघितलं. आण्णांना खुर्चीत बसवलं, जखम धुतली, हळद दाबली. मग शांत आवाजात बोलले, आणि त्यांचा शांत आवाज ऐकायची आम्हाला सवय नव्हती.

"मिरजेच्या पुढं एक संस्था आहे. अशाच माणसांसाठी. मी जाऊन बघून आलोय. स्वच्छ आहे. बायका चांगल्या आहेत."

"कधी बघून आलास?" आण्णांनी विचारलं.

"महिना झाला."

"मला बोलला नाहीस."

"कसं बोलणार?"

कपाळावरची हळद ओली होऊन आण्णांच्या भुवईत उतरत होती. ती त्यांनी पुसली नाही.

"शुक्रवारी गाडी पास झाली तर?" त्यांनी विचारलं.

"आण्णा, गाडीनं काय होतंय?"

"माझं उत्तर दे."

शीतल माझ्याकडं बघायला लागले. या वेळी मीही त्यांच्याकडं बघितलं.

"पास झाली आणि आई पहिल्यासारखी बसली," ते म्हणाले, "तर मी परत विषय काढणार नाही. नाही तर रविवारी जायचं."

"बरं," आण्णा म्हणाले. सौदा करताना ते पूर्वी म्हणायचे तसंच, एकदाच.

आतल्या खोलीत नंतर मी शीतलना म्हटलं, "तुम्ही बापाशी सौदा केलात."

"मग काय करू? उद्या त्यांचा डोळा फोडला तर?" ते पलंगावर बसले होते, पायांतले मोजे अर्धे काढून. "तुला वाटतं मला बरं वाटतंय? ती मला पण ओळखत नाही, त्रिशला. माझ्यासाठी तर गाडीपण नाही."

मी त्यांच्या पायांतले मोजे ओढून काढले आणि धुवायला टाकले.

शुक्रवारी सकाळी आम्ही गॅरेजला गेलो तेव्हा गाडी बाहेर काढून ठेवली होती आणि मला ती ओळखू आली नाही. दस्तगीर मिस्त्रींनी नुसतं इंजिन केलं नव्हतं. कार्बोरेटर उकळून धुतला होता, सायलेन्सर नवा बसवला होता, पेट्रोलची नळी बदलली होती. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला गंजून भोक पडलं होतं, ज्यातून आम्हाला वर्षानुवर्षं रस्ता दिसायचा, तिथं नवा पत्रा ठोकला होता. दारांना नवी रबरं. सीटांना शॅम्पू.

"हे सांगितलं नव्हतं," आण्णा म्हणाले.

"ते माझ्याकडनं. आक्का बसतात त्यात. म्हातारीच्या नाकात किती वर्षं धूर गेला तो गेला, आता जाऊ देणार नाही." त्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही हे बघायला मला बॉनेटवर हात ठेवावा लागला. "बघा वैनी. झोपलेल्या बाळासारखं."

आण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पंपापर्यंत पुन्हा टेम्पोचा दोर. तिथल्या कोपऱ्यात तोच पीयूसीवाला. नळी आत गेली, विटेचा टेकू लागला नाही. आण्णांनी सांगायच्या आधीच रेस धरून ठेवली. आकडा चढला, थांबला, खाली आला.

"एक पॉइंट चार," पीयूसीवाला म्हणाला. त्यानं मशीनला एक चापटी मारली आणि पुन्हा बघितलं. "एक पॉइंट चारच."

"पानपट्टी वाचली," मी म्हटलं.

आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दिवे लावून बघितले, हॉर्न दोनदा वाजवला, दुसऱ्यांदा बहुतेक हौसेनं, आणि सही केली. घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "आज जेवणं जरा लवकर करू या का?"

त्यांनी धुतलेला सदरा घातला. कपाळावरची पट्टी काढून टाकली. शीतल दुकान बंद करून लवकर आले आणि अंगणातल्या पायरीवर बसले. कुणीच काही ठरवल्यासारखं दाखवत नव्हतं. उजेड तांबूस झाला. आतून आक्कांचा आवाज आला, "मला घरी जायचंय," आणि पिशवीची खसफस.

आण्णांनी गाडी शेडमधून काढून अंगणात उभी केली. पुढचं दार उघडलं.

आक्का आल्या. मी मागच्या सीटवर आधीच बसले होते. त्या वाकल्या, सीटवर हात टेकला, बसल्या. त्यांचा उजवा हात पदराकडं गेला. पदर वर आला, हनुवटीपर्यंत. आणि तिथं थांबला.

त्यांनी एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. पदर खाली मांडीवर आला.

"ही कुणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

"आपली," आण्णा म्हणाले. "राजमती, आपलीच."

"तुम्ही कोण?"

आण्णांनी गाडी गिअरमध्ये टाकली. त्यांना वाटलं असावं, चालायला लागली की होईल. गाडी फाटकापर्यंत गेली, आवाज न करता, सायकलसारखी. आक्कांनी दाराची कडी चाचपली.

"मला उतरवा. माझे मालक यायचेत. मला परक्याच्या गाडीत बघितलं तर काय म्हणतील?"

"राजमती."

"मला उतरवा हो." आता त्यांचा आवाज चढला. मी मागून हात घालून कडी धरली. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली. पायरीवरून शीतल उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आण्णांनी ब्रेक लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. गॅरेजात आक्का बसल्या होत्या तसेच.

"जाऊ दे, त्रिशला," ते म्हणाले. "उतरू दे तिला."

मला तो पदर दिसत होता. मांडीवर पडलेला. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत आक्कांच्या मांडीवर पदर पाहिला नव्हता. पाहिला होता, फक्त गॅरेजमध्ये. बंद इंजिनाच्या गाडीत.

"आण्णा," मी म्हटलं, "चोक ओढा."

"काय?"

"चोक. ओढा."

"इंजिन गरम आहे. गरम इंजिनाला चोक देत नाहीत."

"ठाऊक आहे. ओढा. आणि काचा खाली करा."

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर वास घेऊन भेसळ ओळखणारा माणूस. त्यांना कळायला तेवढाच वेळ लागला. त्यांनी आपली काच खाली केली, आक्कांच्या अंगावरून वाकून त्यांची केली, आक्का अंग चोरून बसल्या. मग त्यांनी इंजिनात जादा पेट्रोल सोडणारं चोकचं बटण धरलं आणि पूर्ण बाहेर ओढलं.

बाळ जागं झालं. गाडी खोकली, हबकली, बंद पडता पडता सावरली आणि मागून असा काळा लोट निघाला की फाटकाजवळची तुळस दिसेना. लोट भिंतीवर आपटून परत फिरला आणि खिडक्यांतून आत आला. कच्च्या पेट्रोलचा तो तिखट, गोडसर, डोकं धरणारा वास. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. विषच ते, नियम काय उगाच करत नाहीत. पायरीवर शीतलना ठसका लागला.

आक्कांची नखं माझ्या मनगटातून सुटली.

पदर वर आला. हनुवटी. ओठ. नाक.

"किती वास हो या गाडीला तुमच्या," त्या म्हणाल्या.

आण्णा समोर बघत होते.

"हो," ते म्हणाले.

"आणि किती उशीर. मी किती वेळची बसलेय इथं." मग त्यांचं लक्ष आण्णांच्या कपाळाकडं गेलं. पदरातून हात काढून त्यांनी जखमेला बोट लावलं. "हे काय लागलं? कुठं धडपडलात?"

"दाराला आपटलो."

"बघून चालायला काय होतं?" त्यांनी पुन्हा नाक झाकलं. "नडी."

आम्ही फाटकातून बाहेर पडलो. वळताना मी मागं बघितलं तर धूर विरत होता आणि शीतल पुन्हा पायरीवर बसले होते, डोकं गुडघ्यांत घालून.

आण्णांनी चोक अर्धा आत ढकलला. गाडी गचके देत चालली, पण चालली. आक्का विचारत होत्या, शेडबाळला भावाकडं निरोप गेला का. आण्णा म्हणाले, गेला, उद्या येतोय. पुलाच्या तोंडाला ट्रॅफिकच्या हवालदारानं हात केला.

आण्णांनी गाडी बाजूला घेतली. हवालदार मागं जाऊन सायलेन्सर बघून आला, रुमालानं नाक पुसलं.

"आजोबा, हे काय चालवलंय? पीयूसी आहे का?"

आण्णांनी कागद दिला. हवालदारानं तो उलटा केला, सुलटा केला.

"आजचंच आहे की. एक पॉइंट चार." त्यानं मागं जाऊन पुन्हा बघितलं. "मग हा धूर कसला?"

मी मागून काहीतरी बोलणार होते, पेट्रोल खराब आहे, असलं काहीतरी. पण आण्णांना खोटं बोलता यायचं नाही. आक्कांशी बोलायचं ते सोडलं तर.

"चोक ओढलाय," ते म्हणाले.

"चालत्या गाडीला? का?"

"ही बसली की ओढावा लागतो."

हवालदार वाकून आत बघायला लागला. आधी आण्णांकडं, त्यांच्या कपाळाकडं. मग आक्कांकडं. नाकावर पदर, वर दोन डोळे, त्याच्याकडं रोखलेले. वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाकडं बघावं तसे.

"आजींना त्रास होतोय बघा धुराचा," तो म्हणाला.

"हो," आण्णा म्हणाले. "पन्नास वर्षं होतोय."

मागं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. हवालदारानं कागदाची घडी घातली, मूळ घडीवर बरोबर, आणि खिडकीतून आत दिली.

"पुलावर तेवढा आत ढकला. मागं दुचाकीवाले असतात."

"ढकलतो," आण्णा म्हणाले, आणि ढकलला. गाडी एकदम शांत झाली. पुलावर वारा होता, खाली कृष्णेवर शेवटचा उजेड. मी श्वास धरून आक्कांच्या पदराकडं बघत होते. पदर नाकावरच होता. पूल निम्मा झाला. पदर जरा सैल पडला.

"अहो," आक्का म्हणाल्या, आणि आण्णांकडं वळून बघायला लागल्या. जरा जास्तच वेळ.

आण्णांनी डावा हात चोकच्या बटणावर ठेवला. ओढला नाही. नुसता ठेवला, आणि पूल संपायची वाट बघत गाडी चालवत राहिले.